म्हाताऱ्या मांजराचं मोठं दुखणं: तपासणीपासून शेवटच्या निर्णयापर्यंत

मांजर अकरा-बारा वर्षांचं झालं की त्याच्या पाण्याच्या वाटीवर लक्ष ठेवायला लागा. दिवसभर पुरणारी वाटी दुपारीच रिकामी होते. कधी नव्हे ते मांजर मोरीतल्या बादलीत तोंड घालतं. वाळूत लघवीचे गोळे पूर्वीपेक्षा मोठे दिसतात आणि पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागतात. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो आणि तो बहुतेक वेळा असाच सुरू होतो. मांजर कण्हत नाही की लंगडत नाही. कपाटावर चढायचं सोडून खुर्चीवर झोपायला लागतं आणि घरातले म्हणतात, "वय झालं आता त्याचं."

वय झालं हे निदान नव्हे. दात खराब झाले तरी मांजर खायचं सोडतं आणि दातांवर उपचार आहेत. थायरॉइड वाढला तर वखवखून खाऊनही वाळत जातं, त्यावर गोळ्या आहेत. संधिवातानं उडी बंद होते, त्यावर वेदनाशामक मिळतात. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, लघवीचा संसर्ग ही सगळी दुखणी लांबून म्हातारपणासारखीच दिसतात. म्हणून शेवटाचा विचार करण्याआधी दुखण्याला नाव मिळालं पाहिजे.

या लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगतो. शेवटचा निर्णय, म्हणजे इंजेक्शन देऊन मांजराला वेदनेतून कायमचं सोडवायचं का हा, रात्री दोन वाजता, मांजर तडफडत असताना, फोनवर डॉक्टर शोधत घेण्याची वेळ येऊ देऊ नका. मांजर अजून थोडंफार खातंय, उन्हात जाऊन बसतंय, तेव्हाच घरच्यांनी आणि डॉक्टरांनी बसून ठरवायचं की कुठल्या खुणा दिसल्या की थांबायचं. बाकीची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: तपासणी पुरती करून घ्या

डॉक्टरांकडं जाताना घरातली टिपणं घेऊन जा. किती खातं, किती पाणी पितं, उलट्या कधी होतात आणि वजन किती. वजन तर महिन्यातून एकदा घ्याच. आपण मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत म्हाताऱ्या मांजराला पुरत नाही, कारण शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात हरवतो. बास्केटसकट मांजर तोलता येईल असा डिजिटल काटा वापरा. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन घटलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचं सहा किलो वजन आपोआप उतरलं तर आपण गप्प बसलो असतो का?

रक्तात क्रिएटिनिन आणि युरिया (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारे घटक), फॉस्फरस, पोटॅशियम, साखर आणि जमल्यास थायरॉइड तपासून घ्या. सोबत लघवीची तपासणी आणि रक्तदाबही मागा. लघवी पातळ आहे की घट्ट, यावरून मूत्रपिंडाचं काम रक्ताइतकंच कळतं. पोटाची सोनोग्राफी सांगितली असेल तर टाळू नका, गाठ असेल तर ती तिथंच दिसते.

रिपोर्ट हातात आला की एक काळजी घ्या. नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल तर बाजूला छापलेली नॉर्मल मर्यादा माणसांची असते. मांजराचं क्रिएटिनिन मुळातच आपल्यापेक्षा थोडं जास्त असतं. पशुवैद्यक मूत्रपिंडाच्या आजाराचे चार टप्पे मानतात. ढोबळमानानं क्रिएटिनिन (mg/dL मध्ये) १.६ ते २.८ हा दुसरा टप्पा, २.९ ते ५ हा तिसरा आणि ५ च्या वर चौथा. दुसऱ्या टप्प्यातली मांजरं नीट सांभाळली तर कितीतरी वेळा वर्षानुवर्षं जगतात. आणि मांजराच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतलेला आकडा फसवा असतो. पहिल्या रिपोर्टवर कुणी "आता काही होत नाही" म्हणालं तरी, दोन-चार दिवस सलाईन देऊन पुन्हा रक्त तपासल्याशिवाय आशा सोडू नका. ९ आलेला आकडा ४ वर उतरल्याचीही उदाहरणं असतात. उतरला नाही, तर तेही उत्तरच आहे.

कोल्हापुरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे खाजगी डॉक्टर आहेत आणि सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही आहे. जनावरांच्या दवाखान्यात गायी-म्हशींचं काम मोठं असतं, म्हणून ज्यांच्याकडं मांजरं नेहमी येतात असे डॉक्टर शेजारीपाजारी विचारून शोधा. दुसरं मत हवं असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याच्या वाटेवरच. मात्र थकलेल्या मांजराला एवढा प्रवास घडवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "तिथं जाऊन उपचार बदलणार आहे का?" बदलणार नसेल तर रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे फोटो पाठवून मत घेता येतं, मांजर घरी आपल्या जागेवर राहू दे.

दुसरी पायरी: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

दवाखान्यात गेलं की आपण गोंधळतो आणि अर्धे प्रश्न घरी आल्यावर आठवतात. कागदावर लिहून न्या. हा आजार बरा होणारा आहे की फक्त आटोक्यात ठेवायचा? उपचारानं मांजराला किती दिवस बरं वाटेल? नुसते किती दिवस जगेल हे विचारू नका, दोन्हींत फार फरक आहे. औषधं तोंडानं द्यायची की इंजेक्शननं, आणि ती घरी जमतील का? आजार वाढला की पहिलं काय दिसेल? शेवटी त्याला कशाचा त्रास होईल, धाप, उलट्या की झटके? आणि, "डॉक्टर, रात्रीअपरात्री काही झालं तर तुम्ही याल का? नसाल तर कोणाला फोन करायचा?" हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. उत्तर फ्रिजवर लिहून लावा.

खर्चाचंही तेव्हाच बोला. आपल्याकडं डॉक्टरसमोर पैशांचा विषय काढायला लाज वाटते, मग मध्येच औषधं बंद पडतात आणि त्याचा त्रास मांजराला होतो. "महिन्याला एवढं जमेल, त्यात तिला सगळ्यात जास्त आराम कशानं मिळेल?" असं विचारलं तर चांगला डॉक्टर त्यातून वाट काढतो. वेदना आणि मळमळ थांबवणारी औषधं बऱ्याचदा मोठ्या उपचारांपेक्षा स्वस्त असतात आणि मांजराला फरक त्यांचाच आधी कळतो.

तिसरी पायरी: घरी सलाईन

मूत्रपिंडाच्या आजारात मांजराच्या अंगातून पाणी सतत निघून जातं. म्हणून बरेच डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतात. मला हे शिकायची भीती होती, पण आता मी प्रत्येकाला सांगतो की शिकून घ्या, कारण रोज बास्केटमध्ये कोंडून दवाखान्यात नेण्यापेक्षा मांजराला हे फार सोपं जातं. किती मिलि आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरच ठरवणार. चार किलोच्या मांजराला साधारण शंभर मिलिच्या आसपास देतात. हृदयाचा आजार असेल तर हेच पाणी फुफ्फुसात भरू शकतं, म्हणून हृदय तपासल्याशिवाय सुरू करू नका.

आमच्या मनीला आम्ही स्वयंपाकघरात घडी घातलेल्या वाकळेवर बसवायचो. रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली आधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं, कोमट लागला पाहिजे. थंड सलाईन गेलं की मांजर शहारतं आणि दुसऱ्या दिवशी बाटली बघूनच पळतं. बाटली खिडकीच्या गजाला अडकवायची, नळीतली हवा काढायची, दर वेळी नवी सुई लावायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली खोलगट जागा होते. सुई त्या खोलगट जागेत, पाठीला समांतर घालायची. आरपार गेली तर बाजूचे केस ओले होतात. तसं झालं तर सुई काढून थोडं थांबायचं. सलाईन सुरू झालं की कातडीखाली उंचवटा येतो आणि तो तासाभरात घसरून पुढच्या पायाकडं लोंबतो. बघून दचकायला होतं, पण काही बिघडलेलं नसतं, हळूहळू जिरतं. आमच्याकडं एक जण बाटलीकडं बघायचा आणि दुसरा मनीची हनुवटी खाजवायचा. सलाईन संपलं की तिला लगेच आवडीचं काहीतरी मिळायचं.

उरलेल्या बाटलीत पाणी गढूळ दिसलं किंवा तिला उघडून बरेच दिवस झाले तर फेकून द्या. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात त्या घुसतात. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि दवाखान्यात नेऊन द्या.

खाणं, औषधं आणि घरातले घातक उपाय

मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी व्हायला लागतं. जाड मांजरात तर हे आणखी लवकर होतं. म्हणून एक दिवस पूर्ण उपास घडला की डॉक्टरांना फोन करा. मळमळीवर आणि भूक वाढवायला औषधं आहेत. खाणं किंचित कोमट करा, वास सुटला की मांजर वाटीकडं वळतं. मूत्रपिंडासाठी वेगळं खाद्य मिळतं, ते खात असेल तर उत्तम. खात नसेल तर त्या खाद्याच्या हट्टापायी मांजराला उपाशी ठेवू नका. जे खाईल ते खाऊ दे.

पण ते काहीही असून चालत नाही, आणि आपल्या गावात हे सांगावंच लागतं. पांढऱ्या रश्श्यात कालवलेला भात मायेनं घातला जातो. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मटण द्यायचंच तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, नुसतं उकडलेलं. सुकट, बोंबील मिठानं भरलेले असतात. आणि दूधकट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध, कोल्हापूरकराला कितीही अमृत वाटलं तरी, म्हाताऱ्या मांजराला जुलाब लावतं. आजारी मूत्रपिंडाला नको असलेलं फॉस्फरसही त्यात असतं.

औषधांच्या बाबतीत एकच नियम कडक पाळा. माणसाची वेदनाशामक गोळी मांजराला कधीही देऊ नका. तापाला आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनही नको. फरशीला वापरतो ते फिनेल मांजराच्या पंजाला लागतं, ते चाटतं आणि विष पोटात जातं, म्हणून आजारी मांजराच्या खोलीत साबणाचं पाणीच वापरा. तोंडानं गोळी दिली की मागून पिचकारीनं चमचाभर पाणी गालाच्या बाजूनं हळू सोडा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते.

जबरदस्तीनं पिचकारीनं खाणं भरवण्याबद्दल माझं मत सांगतो. आजार काही दिवसांत उलटणारा असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर भरवा, अन्ननलिकेत नळी घालायचीही सोय असते. पण आजार शेवटच्या टप्प्यात असेल आणि मांजर तोंड फिरवत असेल, तर त्याचा जबडा धरून भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आणि आपला हात दिसला की मांजर लपायला लागतं, हे मला त्याहून वाईट वाटतं.

दुखत असताना शांत मांजरही चावतं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडं जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. मांजराच्या चाव्याची जखम वरून बारीक आणि आत खोल असते, ती फार लवकर पिकते.

पावसाळ्याचीही तयारी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि गावात माल यायचा थांबला होता. जुलै लागण्याआधी औषधं, सलाईन, सुया आणि खाद्य महिनाभर पुरेल एवढं घरात हवं. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी मांजराची बास्केट आणि रिपोर्टची फाईल वरच्या मजल्यावर ठेवावी.

वेदना ओळखायच्या कशा

मांजर दुखणं लपवतं. दुखत असताना घुरघुरतंसुद्धा, त्यामुळं घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नका. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत मांडली, ती घरीही वापरता येते. पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला आहे का, मिशा सरळ ताठ पुढं आल्यात का, आणि मान खांद्यांच्या खाली गेलीय का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक हवं. झोपेतून नुकतं उठलेलं किंवा खात असलेलं मांजर सोडून इतर वेळी बघा.

दुसरी मोजायची गोष्ट श्वास. मांजर गाढ झोपलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. तीसच्या आत असावी. रोज वाढत चालली तर फुफ्फुसात किंवा छातीत पाणी होत असेल.

काही गोष्टींत थांबायचंच नाही, तडक निघायचं: तोंड उघडून धापा टाकणं, मागचे पाय एकाएकी लुळे आणि थंड पडून मांजर किंचाळणं, बोक्याला लघवी न होणं, डोळ्यांना अचानक दिसेनासं होणं, झटके. मागचे पाय लुळे पडतात ते बहुतेक वेळा हृदयात झालेली रक्ताची गुठळी खाली जाऊन अडकल्यामुळं. त्याच्याइतकी भयंकर वेदना मांजराला क्वचितच दुसऱ्या कशानं होत असेल. मालिश करत घरी बसू नका.

थांबायचं कधी

अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींची एक मोजपट्टी दिली आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य आहे असं मानतात. आठवड्यातून एकदा, घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. जो रात्री मांजराबरोबर जागतो आणि जो संध्याकाळी कामावरून येऊन बघतो, त्यांचे आकडे बरेच वेगळे निघतात आणि त्यातूनच खरं बोलणं सुरू होतं.

पण मला आकड्यांपेक्षा तुमच्या मांजराची स्वतःची यादी जास्त उपयोगी वाटते. ते बरं असताना लिहून ठेवा. आमच्या मनीच्या यादीत होतं: दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की दारात येणं, सकाळचं ऊन गच्चीच्या पायरीवर आलं की तिथं जाऊन पसरणं, स्वतःचं अंग चाटून स्वच्छ ठेवणं, वाळूपर्यंत चालत जाणं, कुणी बसलं की मांडीवर चढणं. यातली एखादी गोष्ट गेली तर औषधं बदलून बघायची. तीन गेल्या तर डॉक्टरांशी बोलायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज बरा दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली मारायची. एखादा सुरेख दिवस मागचे आठ वाईट दिवस विसरायला लावतो. कॅलेंडर विसरत नाही.

डॉक्टरांना विचारायचा आणखी एक प्रश्न म्हणजे, "हे तुमचं मांजर असतं तर तुम्ही काय केलं असतं?" बरेच डॉक्टर आपणहून सांगत नाहीत, विचारलं की मनापासून सांगतात.

पाप, काशी आणि घरातली मतं

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळं इंजेक्शनचा विषय निघाला की घरात कुणीतरी हे बोलतंच. त्यांना गप्प करू नका, त्यांचाही जीव त्या मांजरात असतो. आमच्याकडं आजी म्हणाली होती, "मांजराचं पाप काशीला जाऊनबी फिटत न्हाई." डॉक्टर घरी आले तेव्हा तिला शेजारी बसवलं. तिनं एवढंच विचारलं, "तिला कळंल का हो?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी, आधी गाढ झोपेचं इंजेक्शन असतंय. पुढचं तिला काही कळत नाही." मग आजी स्वतः मनीच्या डोक्यावर हात ठेवून बसली.

माझी समजूत अशी आहे की ती जुनी बोलणी हेव्यानं, रागानं मारणाऱ्या हाताला आवर घालण्यासाठी आहेत. वेदनेतून सोडवणारा हात वेगळा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्येही, जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याला मरण देण्याची तरतूद आहे. मात्र हे काम पशुवैद्यकाचंच. घरी गोळ्या किंवा विष घालणं क्रूर आहे आणि गुन्हाही आहे.

काही घरांत, विशेषतः आपल्याकडच्या जैन कुटुंबांत, इंजेक्शन नकोच असं ठाम मत असतं. त्याचा मान ठेवावा. पण तेव्हा वेदनाशामकं, मळमळीचं औषध आणि रात्रीचा डॉक्टर ही सोय पक्की पाहिजे. नैसर्गिक मरण शांत असेलच असं नाही. मूत्रपिंड पूर्ण थांबलं की शेवटच्या दिवसांत उलट्या, तोंडात फोड आणि झटके येऊ शकतात, हे डॉक्टरांकडून आधी ऐकून मगच ठरवा.

आणि कुठलीही वाट धरली तरी, शेवटच्या क्षणी मांजराच्या तोंडात गंगाजल किंवा दूध ओतू नका. गिळायची ताकद गेलेली असते, पाणी श्वासनलिकेत जातं आणि जीव गुदमरतो. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावा. भावना तेवढ्यानंही पोचते.

त्या दिवशी

डॉक्टर घरी येत असतील तर घरीच करा. दवाखान्यात जायचं असेल तर गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसायची पाळी मांजरावर येऊ नये. काही खायला द्यायचं का, हे आधी विचारा. झोपेच्या इंजेक्शननं कधी कधी उलटी होते. संमतीपत्रावर सही आणि पैसे आधीच उरकून घ्या. नंतर काउंटरपाशी उभं राहवत नाही.

फोनवरच विचारून ठेवा की आधी भूल देणार ना. उत्तर स्पष्ट हो असलं पाहिजे. भूल न देता थेट हृदय थांबवणारं औषध देणं मला मान्य नाही, तुम्हीही मान्य करू नका.

भुलेचं इंजेक्शन कातडीखाली किंवा मांडीत देतात. पाच ते पंधरा मिनिटांत मांजर गाढ झोपतं. तोवर ते तुमच्या मांडीवर, त्याच्या वासाच्या वाकळेवर असू दे. बोलायचं ते तेव्हा बोला. मग पायाच्या शिरेतून भुलेच्याच जातीचं औषध मोठ्या मात्रेत देतात. एक-दोन मिनिटांत श्वास थांबतो आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. मूत्रपिंडाच्या आजारात अंगात पाणी नसल्यानं शीर पटकन सापडत नाही. अशा वेळी गाढ भुलेत असताना पोटातून औषध देतात, त्याला थोडा वेळ जास्त लागतो. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास यावा तसं होतं, मिशा हलतात, लघवी सुटते. हे शरीराचं आपोआप होणारं आहे, मांजर त्यात नसतं. खाली जुना टॉवेल असू दे.

मुलांना ठेवायचं की नाही, हा घरचा प्रश्न. पण त्यांना "झोपवलं" किंवा "गावाला सोडलं" असं सांगू नका. झोपेची भीती बसते किंवा ती वर्षभर वाट बघत राहतात. "ती फार आजारी होती, डॉक्टरांनी तिला मरायला मदत केली," हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

नंतर

दोन-तीन तासांत अंग ताठ होतं, त्याआधी पाय पोटाशी घेऊन निजवल्यासारखं ठेवा. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक नको. पुरायचं असेल तर स्वतःची जागा किंवा पैपाहुण्यांचं शेत बघा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. खड्डा किमान तीन-चार फूट खोल घ्या आणि वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. चिखली-आंबेवाडीसारख्या पुराच्या पट्ट्यात पावसाळ्यात पुरू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात आणि तुमच्या डॉक्टरांकडं आधीच चौकशी करून ठेवा. पंचगंगेत सोडणं किंवा माळावर ठेवणं अजिबात नको. इंजेक्शनचं औषध शरीरात तसंच राहतं आणि ते मांस खाणारे कावळे, घारी, कुत्री मरतात.

"मांजारच ते, दुसरं आणा की" असं लोक म्हणतील. वाईट मनानं म्हणत नाहीत, पण उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. आणखी काही दिवस द्यायला हवे होते की आधीच सोडवायला हवं होतं, हे दोन्ही विचार एकाच रात्री येतात. तेव्हा कॅलेंडर काढून त्या फुल्या बघा. मला त्यानं फार आधार दिला. जेवण-झोप उडाली आणि ते आठवडे झाले तरी चालूच राहिलं, तर माणसांच्या डॉक्टरांशी बोला. मांजरासाठी एवढं कसं, असा प्रश्न तिथं कुणी विचारणार नाही.

घरात दुसरं मांजर असेल तर पुरण्याआधी त्याला एकदा वास घेऊ द्या. काही मांजरं हुंगून निघून जातात, काही पुढचे आठवडाभर खोल्या धुंडाळत ओरडतात. त्याच्या जेवणाच्या वेळा बदलू नका आणि गेलेल्या मांजराची वाकळ लगेच धुवू नका. त्यानंही चोवीस तास खाणं सोडलं तर दुःखात आहे म्हणून थांबू नका, दवाखान्यात न्या. दोघं एकाच वयाची असतील तर जाताना त्याचंही क्रिएटिनिन तपासून घ्या.